हजारात सहा

"तू ज्याच्यावर पाळत ठेवतेस ना, तो चुकायला लागतो. सांगून ठेवते," डार्ला म्हणाली.

आम्ही दोघी गॅरेजमध्ये एल्कचं, म्हणजे मोठ्या रानहरणाचं, मांस कागदात गुंडाळत होतो. डार्ला माझी नणंद, तोंडाची तिखट. मी हसून चिकटपट्टी फाडली आणि पुडक्यावर तारीख घातली. नजर मात्र खिडकीतून शेडकडेच होती. तिथे सासरे, ऑर्व्हिल, काडतुसं भरत होते आणि माझी चार वर्षांची जूनी बाकावर बसून रिकामी पितळी कवचं ओळीत मांडत होती.

"परवा त्यांनी जूनीला तुझ्या नावानं हाक मारली," मी म्हणाले.

"नशीब तिचं. मला तर ते कुत्र्याच्या नावानं हाक मारायचे."

तिच्या हसण्यानं माझी शंका गेली नाही. दुसऱ्या दिवशी सासरे टपाल आणायला गेल्यावर मी शेडमध्ये शिरले. कॉलेजात दोन वर्षं प्रयोगशाळेत मापं घेतलेली. कॅलिपर मला नवा नव्हता. आत बंदुकीची दारू किती आहे हे बाहेरून कळत नाही, पण गोळी कवचात किती खोल बसलीय हे मोजता येतं. ते चुकलं की दाब बिघडतो, आणि फारच बिघडला तर बंदूक गालाला लावलेल्या माणसाच्या तोंडावर फुटते. शिकारीच्या या मोसमात तो गाल गॅरेटचा, माझ्या नवऱ्याचा, असणार होता.

दहा काडतुसं मोजली, बुडापासून टोकापर्यंत. दहांच्या दहा तऱ्हा.

"पपांच्या हातून? शक्य नाही," गॅरेट म्हणाला. "लहानपणापासून त्यांनी भरलेलीच उडवतोय मी."

"मग तूच मोज."

त्यानं मोजलं. काडतुसं भरायचं पुस्तक उघडून त्यातला आकडा पाहिला; तिथेही लांबी टोकापर्यंतचीच दिली होती. बराच वेळ तो कॅलिपर उघडत-मिटत राहिला.

"त्यांना काही बोलू नकोस. मी करतो सरळ."

त्यानंतर दर रविवारी सासरे चर्चला गेले की गॅरेट शेडमध्ये जायचा आणि लांब निघालेल्या काडतुसांतल्या गोळ्या प्रेसवर, म्हणजे गोळी बसवायच्या यंत्रावर, किंचित आत दाबून सगळी सारखी करायचा. मी खिडकीत उभी राहून रस्त्याकडे बघायची. जूनीला शेडमध्ये पाठवणं मी बंद केलं. कधी खोकला, कधी थंडी, कधी झोप. सासरे "बरं बरं" म्हणायचे.

शेडमध्ये त्यांचा वेळ मात्र वाढत गेला. गोळी उपसायच्या हातोड्याची टकटक संध्याकाळपर्यंत ऐकू यायची. एकच काडतूस तीन-तीनदा मोजताना मी त्यांना पाहिलं. झालं, मनात म्हटलं, मी म्हणत नव्हते?

चौथ्या सोमवारी ते टोपी न काढताच स्वयंपाकघरात आले. टेबलावर त्यांनी एक काडतूस, कॅलिपर आणि पोलादाचं एक लहानसं कडं ठेवलं.

"पोरी, तू शिकलेली आहेस. जरा मोजून सांग."

मी कॅलिपर टोकाला लावला. ते हसले.

"अगं, टोकाला काय लावतेस! शिसं मऊ असतं, डब्यातल्या डब्यात चेपतं. टोपी घालून उंची मोजशील का कुणाची?"

त्यांनी कडं गोळीवर सरकवलं. गोळी जिथे पुरती जाड होते तिथे ते अडलं.

"इथून बुडापर्यंत. बंदुकीच्या नळीतल्या आट्यांना हाच भाग आधी भिडतो. आता बघ."

मी मोजलं. त्यांनी वही पुढे केली. शनिवारची ओळ, वीस काडतुसं, वीसही एकाच मापाची. खाली सोमवारची ओळ.

"शनिवारी मी सगळी सारखी बसवतो. सोमवारी बघावं तर काही हजारात सहानं कमी, काही आठनं. इंचाचा हजारावा भाग म्हणजे काही नाही, म्हणशील. पण माझ्या हातून कधी दोनचाही फरक पडला नव्हता." ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. "मी खोलतो, परत बसवतो. पुढच्या सोमवारी परत तेच. केव्हा काय केलं, आठवतच नाही मला. गॅरेटला सांगू नकोस एवढ्यात. आणि जूनीला माझ्याकडे पाठवत नाहीस ना, बरोबर करतेस."

माझ्या हातात कॅलिपर तसाच उघडा होता.

"पपा, ते आम्ही केलं. टोकाला माप लावून. दर रविवारी गॅरेट..."

मी सगळं सांगितलं. ते उठले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"गुणाची आहेस."

संध्याकाळी गॅरेटनंही त्यांना तेच सांगितलं. त्यांना शेडमध्ये नेऊन, प्रेसवर करूनही दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"दोघांनी चांगलं ठरवलंय," ते म्हणाले. "माझा बाप विसरायला लागला तेव्हा तुझी आईसुद्धा त्याला असंच सांभाळून घ्यायची."

त्या आठवड्यात त्यांनी प्रेसचे बोल्ट काढले आणि ती डार्लाच्या नवऱ्याला देऊन टाकली. जूनी अंगणात धावत आली की ते दोन्ही हात खिशात घालायचे. बर्फ पडायच्या आत ते नदीकाठच्या जुन्या घरी राहायला गेले. आम्ही दर आठवड्याला जातो. पण आमच्या प्रत्येक शब्दाला ते दया समजतात, आणि त्यांची चूक तरी काय, तशी दया आम्ही चार रविवार केलीच होती.

परक्यानं टाकलेल्या विश्वासाला ते दया समजणार नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते. सॅमन गावाहून वर येताना धान्याच्या कोठारानंतर डावीकडे वळलात की निळ्या पत्र्याचं घर लागेल. एकदा दार वाजवा. आमचं नाव काढू नका; कॉफी मागा, ते देतील. आणि बरोबर मूल असेल तर काहीतरी विसरल्याचं निमित्त करून गाडीकडे जाऊन या. पाच मिनिटं. त्याला त्यांच्यापाशी ठेवून.