तिसरा पाइप

"ताई, हात घालायच्या आधी आकडा फिरवा आत. मागच्या खांबात विंचू होता," लांब्या म्हणाला.

"झुरळ होतं. तू ओरडलास इतका की मलाही विंचू वाटला."

"उंच माणसाला लांबून सगळं मोठंच दिसतं."

"मग खाली बस आणि दोर धर."

ती रस्त्याकडेच्या दिव्याच्या खांबाच्या बुंध्याशी पालथी झोपली होती. गाल फरशीला टेकलेला, उजवा हात खांद्यापर्यंत खड्ड्यात. गँगमध्ये तिचाच हात बारीक होता, म्हणून हे काम तिच्याकडे आले होते. मुकादम पुढच्या खांबापाशी केबलच्या रिळाला टेकून उभा होता. "झालं की सांगा, रीळ सोडतो," असे तो अधूनमधून ओरडायचा.

हा रस्ता खडकावर होता. वर हातभर माती आणि तिच्याखाली सलग काळा खडक. दुसरीकडे केबल कमरेइतकी खोल पुरतात. इथे तेवढी खोली मिळतच नव्हती. म्हणून खांबांचे पाये पसरट केलेले होते, त्यांच्या सळया खडकात रोवलेल्या होत्या, आणि केबल एका पायातून दुसऱ्या पायात काँक्रीटमधल्या पाइपांमधून नेलेली होती. प्रत्येक पायात तीन पाइप होते. एकातून वीज यायची, दुसऱ्यातून पुढे जायची. तिसरा राखीव. कधी लागला तर असावा म्हणून टाकलेला आणि अठरा वर्षांत कुणाला न लागलेला. आता चौकाचौकात कॅमेरे बसणार होते. त्यांची केबल रस्ता न खणता न्यायची, तर तिसरा पाइप मोकळा करण्याशिवाय इलाज नव्हता.

पाया ओतताना ओले काँक्रीट आत जाऊ नये म्हणून पाइपाच्या तोंडात बोळा कोंबतात. पहिल्या दोन पाइपांचे बोळे वीजवाले आठवड्याभरात काढून टाकतात. तिसऱ्याचा तसाच राहतो. गेले तीन महिने ती हेच बोळे उपसत होती. गोणपाटाचे तुकडे निघायचे, सिमेंटच्या पिशव्यांचा कागद निघायचा. महिन्यापूर्वी या रस्त्याला लागल्यापासून कुजलेल्या कापडाचे काळे गोळे निघत होते. मुठीत धरले की त्यांचा भुगा व्हायचा. तो ती राडारोड्याच्या गोणीत टाकायची.

या खांबातला बोळा सुटेना. तोंडाशी सिमेंटची खपली धरलेली होती. तिने आकड्याच्या टोकाने ती फोडली, कापडात बोटे रुतवली आणि हळूहळू पिळत ओढले. भुगा झाला नाही. आले ते सगळे एकदम आले.

पिवळे होते. धूळ झटकल्यावर आणखी पिवळे झाले. आधी तिला वाटले, बाहुलीचा कपडा. मग तिने तो उलटला. विणलेला स्वेटर होता, वीतभर लांबीचा. पुढे पांढरी गोल बटणे होती, बारकी. सगळ्यात वरचे मात्र तपकिरी, चार भोकांचे, पुरुषी सदऱ्याचे. ते निळ्या दोऱ्याने शिवलेले होते.

तिला काहीच वाटले नाही. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज मात्र कमी झाला, कुणीतरी काच ओढून घ्यावी तसा. तिला स्वतःची बोटे दिसत होती, त्यांच्यावरची सिमेंटची पूड दिसत होती. बोटे आपली आहेत हे कळत होते, पण तेवढेच.

"काय निघालं?" लांब्याने विचारले.

"कापड."

"टाका गोणीत. मी साप सोडतो." साप म्हणजे लवचीक पोलादी पट्टी. ती आधी पाइपातून पलीकडे ढकलायची, तिच्या टोकाला दोर बांधायचा आणि दोराला केबल.

तिने स्वेटर गोणीत टाकला नाही. कामाच्या नारिंगी जाकिटाच्या आत पोटाशी सरकवला. मग साप सोडला, दोर बांधला, "ओढ" म्हणाली, "थांब" म्हणाली. हात सवयीने चालत राहिले.

तो स्वेटर तिनेच विणला होता, लेकीसाठी. स्वस्तातली लोकर आणली होती. बबीला तो पहिल्यांदा घालायचा त्या सकाळी वरचे बटण सापडेना. नवरा आंघोळीला गेलेला. तिने त्याच्या निळ्या सदऱ्याचे सगळ्यात खालचे बटण कापले आणि तशाच निळ्या दोऱ्याने शिवले. खालचे बटण पँटमध्ये खोचले जाते, कुणाला दिसत नाही. नवऱ्याने कामावर जाताना विचारले, "माझं बटण कुठं गेलं?" तिने बबीकडे बोट केले. तो म्हणाला, "आतापासूनच लुटायला लागली का?"

बबी दीड वर्षाची होऊन तापाने गेली. त्यानंतर ती बबीच्या कपड्यांची ट्रंक उघडून बसायची. एकेक कपडा काढायचा, घडी करायची, परत ठेवायचा. जेवण नाही, बोलणे नाही. शेवटी आईने तिला महिनाभर आपल्याकडे नेले. परत आली तेव्हा ट्रंक रिकामी होती.

"कपडे?"

"दिले."

"कुणाला?"

"ज्यांना लागत होते त्यांना."

तिने पुढे विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. संसार झाला, पुढे मुलगा झाला, तो शिकायला लांबच्या गावी गेला. नवराबायको सगळ्या विषयांवर बोलत, या एका सोडून. पण थंडी पडली की ती रस्त्यावरच्या पोरांच्या अंगातले स्वेटर बघायची. पुढे कधीतरी तिला उमगले की बबीच्या मापाची पोरे केव्हाच मोठी झाली असणार. तरी नजर जायचीच.

नवरा खांबांचे पाये ओतणारा मिस्त्री होता. बबी गेली त्या वर्षी त्याला या रस्त्याचे काम मिळाले होते. हे तिला माहीत होते. गँगमधल्या जुन्या माणसांनाही माहीत होते. "मिस्त्रीनं ओतलंय, फुटायचं नाही," असे ते म्हणत. आता त्याचा गुडघा गेला होता आणि तो घरी असायचा.

दुपारी डबा उघडला आणि पोळीचे तुकडेच करत राहिली. मिस्त्री लोक हाताला येईल ते कोंबतात. घरात ट्रंकभर चिंध्या होत्या, तो घेऊन आला. गोणपाट आणायचे कष्ट वाचले. दिले म्हणाला. पाइपाला दिले. हे वाक्य तिच्या डोक्यात इतके स्पष्ट उमटले की आपण ते मोठ्याने बोललो की काय, म्हणून तिने लांब्याकडे पाहिले. तो लोणच्याची बरणी चाटूनपुसून साफ करत होता.

जेवणानंतरच्या खांबात नायलॉनचा फ्रॉक निघाला.

या वेळी तिने घाईने ओढला नाही. हाताला लागत होते की हा कोंबलेला नाही, गुंडाळलेला आहे. बाहेर काढून उलगडला. आधी चार घड्या, मग गुंडाळी, आणि गुंडाळीवर त्याच फ्रॉकची फीत सरळ गाठ मारून बांधलेली. कुठे फाटलेले नाही. तिने जाकिटात हात घालून स्वेटर चाचपला. त्याची बटणे लावलेली होती. सकाळी पाहिले होते, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता. चिंधीची बटणे कुणी लावत नाही.

मग एक वेगळीच गोष्ट तिच्या लक्षात आली.

महिनाभर, रोज संध्याकाळी, ती दारात चप्पल काढत असतानाच तो विचारायचा, "कुठवर आलात?" दवाखान्यापर्यंत, ती सांगायची. शाळेपर्यंत. पेट्रोल पंपापर्यंत. घरी बसलेल्या माणसाला बोलायला काहीतरी हवे, असे तिला वाटायचे.

आणि ते काळे गोळे. सुती कापड कुजते, नायलॉन टिकते. सुती झबली, दुपटी, लंगोट. महिनाभर तिने ते स्वतःच्या मुठीत धरले होते आणि भुगा झाला म्हणून गोणीत झटकले होते. तळहात पँटला पुसले होते.

"गेल्या महिन्यातल्या गोण्या कुठं गेल्या?" तिने विचारले.

"भराव घालायला. का, काही पडलं का त्यात?"

"नाही."

"ताई, चेहरा बघा जरा आरशात. ऊन लागलंय तुम्हाला. मुकादम, ताईंना पाणी द्या."

मुकादम पाण्याची बाटली घेऊन आला. "मिस्त्रीणबाई, घरी जाता का?"

"नाही. वळणापर्यंत संपवू."

घरी आली तेव्हा नवरा खुर्चीत पाय लांब करून बटाटे सोलत होता.

"कुठवर आलात?"

"वळणापर्यंत."

सुरी थांबली. तिने चप्पल काढली, हात धुतले आणि स्वेटर व फ्रॉक टेबलावर त्याच्यासमोर ठेवले. तो बघत राहिला. सालीची पट्टी सुरीवरून लोंबत होती.

"गोणपाट संपलं होतं का त्या दिवशी?" ती म्हणाली.

"एकही फाडला नाही मी."

"ते दिसलं मला. दिले म्हणाला होतात."

"द्यायलाच निघालो होतो गाठोडं घेऊन. कामावर एक बाई होती, तिच्या कडेवर पोरगी. मापाचीच होती." त्याने सुरी खाली ठेवली. "पुढं केलं गाठोडं. तिनं हात लावला, आणि माझी मूठ सुटेना. ती बाई घाबरली. म्हणाली, राहू द्या दादा."

तिने फ्रॉकची सुटलेली फीत सरळ केली.

"परत आणलं तर तू पुन्हा ट्रंकेपाशी बसली असतीस. फेकणं तर जमणारच नव्हतं. पाये ओतायचे चालले होते. बाकीच्या पाइपांचे बोळे लोक ओढून फेकतात. तिसऱ्याला कुणी हात लावत नाही. कोरडी जागा असते. खांब आहे तोवर ते तिथंच राहणार. रोज एक नेत होतो. वर दिवा असतो, असंही वाटलं." शेवटचे वाक्य त्याने घाईघाईने उरकले, लाज वाटल्यासारखे.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू रस्ता उकरला असतास."

उकरला असता. हे त्यालाही माहीत होते, तिलाही.

"बरं, तेव्हा नाही. आता? महिनाभर मला विचारत होतात, कुठवर आलात. मी माझ्या हातानं, ह्या हातानं, तिचे कपडे राडारोड्यात टाकत होते आणि तुम्ही इथं बसून विचारत होतात."

"रोज ठरवायचो, आज सांगू. तू यायचीस, म्हणायचीस, शाळेपर्यंत. तुझ्या तोंडावर काही नसायचं. वाटायचं, कुजून गेलं असेल सगळं, ओळखू येत नसेल. मग कशाला." त्याने स्वेटरकडे पाहिले. "ही लोकर खरी नव्हती, हे विसरलो. खरी असती तर गेली असती."

बाहेर कुणाची तरी सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. तो ओसरल्यावर तिने विचारले, "वळणाच्या पुढं काय आहे?"

"पुढं एकच खांब. त्यात तिचं काही नाही. कपडे संपले होते."

"मग काय घातलंत?"

"घातलं काहीतरी," तो म्हणाला आणि पुन्हा बटाटा हातात घेतला.

दोघे जेवले. कपडे टेबलावर तसेच होते. ताट उचलताना तिने पाहिले, त्याने अंगठा त्या तपकिरी बटणावर ठेवला होता. ती बघते आहे असे दिसल्यावर त्याने तो काढून घेतला.

सकाळी ती उठली तेव्हा स्वेटर दोरीवर होता. त्याने धुतला होता. वाऱ्यात त्याच्या बाह्या हलत होत्या आणि तो खिडकीशी गुडघा धरून उभा होता. ती डबा भरून निघाली. तो दारापर्यंत आला. त्याने तिची हातमोज्यांची पिशवी पुढे केली.

शेवटच्या खांबाशी ती पालथी झोपली. लांब्याने आज विनोद केला नाही. दोर हातात घेऊन लांबच उभा राहिला.

बोळा मोठा होता, घट्ट बसलेला. दोनदा पकड बदलून ओढावा लागला. निळा होता. उलगडताना टेरिकॉटचा कडकपणा बोटांना आधी कळला. पुरुषाचा सदरा. बाह्या आत घालून नीट घडी केलेला, वरपासून खालपर्यंत सगळी बटणे लावलेली. सगळ्यात खालचे नव्हते. तिथे कापलेल्या दोऱ्याचे दोन धागे होते.

दवाखान्यातून परत येताना त्याने बबीला कुणाच्या हातात दिले नव्हते. तिच्याही नाही. बबीचा गाल खिशावर टेकलेला होता आणि त्याने वरून हात धरला होता, झोपलेल्या पोराला उन्हाची तिरीप लागू नये म्हणून धरतात तसा. हाच सदरा.

तिने खिशावर तळहात ठेवला. ट्रंकेतला एकेक कपडा तिला पाठ होता. कोणत्या झबल्याची कोणती शिवण उसवली होती, तेही. आणि त्याचा हा सदरा घरातून नाहीसा झाला, हे अठरा वर्षांत एकदाही तिच्या लक्षात आले नव्हते.

"काय आहे?" मुकादमाने पलीकडून विचारले.

"कापड. साप सोडा."

केबल आली. काळी, नवी, थंड. तिने ती पाइपातून पुढे दिली, ताण पाहिला, खूण केली. आता केबलच्या भोवतीची फट बुजवायची राहिली होती. मुकादमाने फोमचा तुकडा आणून तिच्या हाताशी ठेवला.

"नको," ती म्हणाली. "हाच बसतो."

"जुना कपडा तो. कशाला?"

"अठरा वर्षं पाणी आत गेलं नाही, मुकादम. मिस्त्रीनं घातलाय."

मुकादमाने खांदे उडवले आणि फोम परत खिशात टाकला. तिने सदऱ्याची मोडलेली घडी पुन्हा घातली, बाह्या आत घेतल्या, आणि तो केबलभोवती फिरवून, कुठेही न चुरगाळता, पाइपाच्या तोंडात हळूहळू बसवला. खिशाची बाजू आत गेली. मग तिने खड्ड्याचे झाकण लावले आणि स्क्रू एकेक करून आधी बोटांनीच आवळले.