हॅट घसरली तेव्हा

बँकेतून निवृत्त झाल्यावर हेमचंद्रांनी काउबॉय हॅट विकत घेतली आणि त्यांच्या पत्नीने, सरोजिनीबाईंनी, कपाळावर हात मारला.

कंट्री म्युझिकचं वेड तसं जुनंच. तरुणपणी एकटे सिंगापूरला आले, तेव्हा तांजोंग पगारच्या ऑफिसातून खोलीवर परतलं की रेडिओवर ती गाणी लागायची. गुरंढोरं, कुरणं, दूर राहिलेली आई. निम्मे शब्द कळत नसत, पण रेडिओ बंद करवत नसे. आता मरीन परेडला त्यांच्याच काँडोच्या इमारतीत राहणारे डेस्मंड टीव्हीवर कंट्री गाण्यांचा कार्यक्रम करत. बॅन्जो, गिटार, रांगेतला नाच आणि मधूनमधून विनोद. त्यांचा विनोदवीर आजारी पडला, तेव्हा हेमचंद्रांनी परस्पर सांगून टाकलं, "मी करतो की!"

"अहो, तुमच्या विनोदांना घरात कुणी हसत नाही," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"घरातल्यांना विनोदातलं काय कळतंय?"

"आजोबा, प्लीज डोंट लाह," नात श्रियाने शेवटी सिंगापुरी 'लाह' लावत हात जोडले. "माझे सगळे फ्रेंड्स बघतील."

पण ते ऐकतात कसले! हरवलेल्या गाईचा एक विनोद त्यांनी आरशासमोर इतका घोटला, की सरोजिनीबाईंना भाजी चिरतानाही ती गाय दिसू लागली.

रेकॉर्डिंगच्या दुपारी त्या पहिल्या रांगेत पर्स घट्ट धरून बसल्या. हेमचंद्रांचा पहिला विनोद पडला. दुसराही पडला. मागे कुणीतरी खोकलं. त्यांच्या कपाळावरचा घाम सरोजिनीबाईंना खालूनही दिसत होता. 'देवा, एकदाचं आटपू दे,' त्या पुटपुटल्या.

मग गाय आली. शेतकरी तिला शोधत निघाला. तो टेकडीवर चढून खाली बघतो हे दाखवायला हेमचंद्रांनी मान झुकवली, आणि सैल हॅट घसरून थेट नाकापर्यंत आली. डोळे झाकले गेले. तरी स्वारी थांबेना. बँकेत भाषण करावं तशा गंभीर आवाजात, आंधळ्यासारखे हात पसरून, ते गाय शोधतच राहिले.

सरोजिनीबाईंना हसू फुटलं. साधंसुधं नव्हे. सासरी आल्यापासून तोंडावर रुमाल धरून दाबलेलं ते मोठ्ठं, खिंकाळणारं हसू. सगळं सभागृह वळून पाहू लागलं, कॅमेराही वळला. आधी बॅन्जोवाला हसला, मग डेस्मंड, मग सगळेच.

"अगं सरोज, थांब जरा," हॅटखालून मराठीत आवाज आला. "अजून विनोद संपला नाही!"

कुणाला काही कळलं नाही, पण लोक पोट धरधरून हसले.

नंतर दोघं ईस्ट कोस्टला हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, जाऊन बसले. हेमचंद्र मान खाली घालून हातातली हॅट गोल गोल फिरवत होते. सरोजिनीबाईंना वाटलं, रागावले.

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "चारचौघांत असं हसायला नको होतं."

"तू अशी हसतेस?" ते त्यांच्याकडे नवल करत बघत होते. "इतक्या वर्षांत मला कधी ऐकूच आलं नाही."

"तुमचे विनोद तसे कुठे होते?"

आता हसायची पाळी हेमचंद्रांची होती. त्यांनी समुद्राकडची खुर्ची त्यांना दिली आणि आपल्या ताटलीतलं मोठं भजं उचलून त्यांच्या ताटलीत ठेवला.

तेवढ्यात डेस्मंडचा फोन आला. पुढच्या भागात दोघांनाही बोलावलं होतं.

"मी काय करू तिथे?" सरोजिनीबाई घाबरल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि नेसू काय?"