मिठाची गुळणी

मी प्रयोगशाळेत बाटल्या धुते. हे सांगायला मला लाज वाटत नाही. नावापुढे डॉक्टर लावणाऱ्या तिथल्या सगळ्यांचं काम माझ्या हातून गेलेल्या काचेवर उभं असतं. तिथल्या मोठ्या मॅडम म्हणायच्या, "मावशी, तुमची काच म्हणजे काच." अकरा वर्षं मी हे ऐकलं आणि घरी येऊन ह्यांना ऐकवलं, म्हणजे ह्यांचंही पाठ झालं होतं.

आमचे हे फळबाजारात लिलाव पुकारायचे. आवाज असा की पलीकडच्या गाळ्यावरची गिऱ्हाइकं हातातला माल ठेवून इकडे यायची. दोन वर्षांपूर्वी जिभेच्या कडेला गाठ निघाली. ती काढली, वरून किरणांचे शेक दिले, गाठ गेली. पण त्या शेकांनी डावा जबडा कमजोर झाला आणि त्यात जंतू शिरले. हिरडीतून पू यायला लागला. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, तीन अँटिबायोटिक बदलून झाली. जंतू ढिम्म हलेनात. शेवटी एका शुक्रवारी सर्जननी कागदावर जबड्याचं चित्र काढलं आणि अर्ध्यावर रेघ मारली.

"दहा दिवस बघू. पू थांबला तर उत्तम, नाहीतर एवढं हाड काढावं लागेल. त्यानंतरचं बोलणं लोकांना कळेलच, असं मी म्हणणार नाही."

घरी येईपर्यंत ह्यांनी तो कागद मुठीत धरला होता. दारात म्हणाले, "मुक्यानं लिलाव पुकारायचा कसा गं?"

"आधी आत या," मी म्हटलं.

आता आमच्या प्रयोगशाळेत काय चालतं ते ऐका. तिथे चांदीचे कण करतात, डोळ्याला कधी दिसणार नाहीत इतके बारीक. पाण्यात सोडले की पाणी छान पिवळं दिसतं. दातांवर, हिरड्यांवर चिकट थर करून बसणारे जंतू ह्या कणांनी मरतात का, हे बशीत तपासतात. त्या बशा धुवायच्या आधी मी पाहिल्यात. सगळीकडे जंतूंची साय, आणि जिथे पिवळा थेंब टाकला तिथे स्वच्छ गोल. आपल्या माणसाच्या तोंडात पू असताना असा गोल रोज बघायचा म्हणजे काय, ते ज्याचं त्याला कळतं.

शनिवारी मी मॅडमना विचारलं. त्यांनी माझा हात धरला. "मावशी, बशी वेगळी आणि माणसाचं तोंड वेगळं. तिथे काय होईल मलाच माहीत नाही. मी नाही देऊ शकत."

मला राग आला. अकरा वर्षं ह्या लोकांची उष्टी काच घासली आणि एक बाटली देववत नाही. त्याच संध्याकाळी कपाटातली एक बाटली मी पिशवीत घातली. चोरी ती चोरीच.

दिवसातून दोनदा द्यायचं ठरवलं. पण घाणेरड्या भांड्यात चांगली वस्तू ओतायची नाही, हे माझ्या हाडीमासी खिळलंय. म्हणून आधी मिठाच्या पाण्याची गुळणी. दवाखान्याच्या कागदावरही तीच लिहिलेली होती. तोंड स्वच्छ झालं की लगेच चमचाभर पिवळं, पाच मिनिटं गालात धरायचं आणि थुंकायचं. थुंकलेलं राखाडी दिसायचं. मी म्हणायचे, "बघा, घाण कशी सुटतेय."

ह्यांना मीठ फार झोंबायचं. डोळ्यांतून पाणी यायचं. मी समोर उभी राहून करून घ्यायचे. दया केली नाही.

चार दिवस काही फरक नव्हता. बुधवारी सकाळी उशी उचलली तर अभ्रा कोरडा. एक डागही नाही, वासही नाही. मी तो अभ्रा उजेडात धरला, उलटा करून पाहिला आणि तिथेच बसून रडले. हे म्हणाले, "अगं, उशी मेली का तुझी?" कितीतरी दिवसांनी हसलो आम्ही. माझ्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. मी मिठाच्या गुळण्या वाढवल्या. दोनाच्या चार.

गुरुवारी अभ्रा पुन्हा भिजला. शनिवारी ताप चढला. रविवारी ह्यांना भरती केलं आणि ऑपरेशनला सोमवारी अकराची वेळ दिली.

सोमवारी सकाळी मी तासभर कामावर गेले, रिकामी बाटली जागेवर ठेवायला. तिथे नवीन आलेली संशोधक मुलगी एका चंबूत पिवळं पाणी ओतत होती. ओतता ओतता ते राखाडी झालं, गढूळ. माझ्या डोळ्यांसमोर.

"मावशी, हे असं का झालं?"

"चंबू कशानं विसळलास?"

"तिकडच्या सलाईननं."

"मग मिठानं झालं," मी म्हटलं. "मीठ लागलं की कण एकमेकांना चिकटतात, गोळे होतात, काही कामाचे राहत नाहीत. भिंतीवर लिहिलंय ते वाचत जा."

भिंतीवरचं ते अक्षर माझंच होतं. 'मीठ नको.' नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी अशीच एक खेप नासवली होती, तेव्हा मॅडमनी माझ्याकडून लिहून घेतलं होतं. बाटली तिथेच टाकून मी दवाखान्याकडे पळत सुटले.

सर्जन दारातच भेटले. मी सगळं ओकून टाकलं, चोरीसकट. "मला चार दिवस द्या. मी नीट देते. फक्त मीठ देत नाही. पाया पडते तुमच्या."

त्यांनी मला हात धरून बाकावर बसवलं. मग म्हणाले, "बाई, जंतू मानेकडे उतरताहेत. चार दिवस थांबलो तर माणूस जाईल. आणि त्या पाण्यानं बरं वाटलं असतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

कोणीच नव्हतं सांगितलं. मॅडमही तेच म्हणाल्या होत्या. मी त्या एका वाक्याला घट्ट धरलं. कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित मीठ असो नसो, हे व्हायचंच होतं. तेवढ्या आधारावर मी ह्यांच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिले.

ह्यांनी माझा पदर ओढून मला खाली वाकवलं. "तुला एक सांगायचंय. रागावायचं नाही."

"बोला ना."

"मंगळवारी रात्री मी मिठाची गुळणी केलीच नाही. फार झोंबत होतं गं. तू भाकऱ्या थापत होतीस, मी ते पाणी मोरीत ओतलं. नुसतं पिवळं घेतलं. ती एक गुळणी चुकवली, म्हणून तर हे सगळं नाही ना झालं?"

मंगळवारी रात्री. बुधवारी सकाळचा कोरडा अभ्रा माझ्या डोळ्यांपुढे आला.

दोघी नर्स आल्या आणि खाट ढकलायला लागल्या. मी खाटेचा दांडा धरून सोबत चालत राहिले. "तुमचं काही चुकलं नाही हो. माझं चुकलं. सगळं माझंच चुकलं."

ह्यांना वाटलं मी समजूत काढतेय. मुलांना उगी करतात तसा ह्यांनी माझ्या हातावर हात थोपटला.

"तू कुठली चुकतेस," हे म्हणाले. "तुझी काच म्हणजे काच."

मग ऑपरेशनच्या खोलीचं दार लागलं. त्याला आता सात महिने झाले. ह्यांचं बोलणं मला थोडं थोडं कळतं, इतरांना नाही. पण पूर्ण, सरळ असं शेवटचं वाक्य तेच होतं.