अर्धं सोडलेलं वाक्य

माझी एक खोड आहे. सकाळी लाँड्रीत जायच्या आधी मी घरातल्या कॉम्प्युटरवर लिहायला बसते, आणि निघायची वेळ झाली की चालू वाक्य मधेच सोडून उठते. मुद्दाम. वाक्य पुरं केलं की दुसऱ्या दिवशी माशा मारत बसावं लागतं. अर्धं सोडलं की ते दिवसभर डोक्यात खुटखुटतं, गिऱ्हाइकांच्या कपड्यांना चिठ्ठ्या लावतानाही पुढचं सुचत राहतं. या एका खोडीवर माझी निम्मी कादंबरी झाली. कुणी शिकवलेलं नाही, माझं मी शोधलंय.

आणि मग गाडं अडलं. माझ्या कादंबरीतली बाई घर सोडून निघायच्या बेतात होती. पण रोज सकाळी उघडून बघावं तर ही आपली जागच्या जागी. काल बॅग भरायला घेतली होती ना हिने? तर तिने बॅग माळ्यावर ठेवून दिलेली. वाटायचं, मीच लिहिलं असेल घाईत. त्यापुढे काही म्हणता काही सुचेना. लेकीला फोनवर सांगितलं, बाई, मी संपले. ती म्हणाली, वय झालं आई, आता आराम कर. असा संताप आला म्हणून सांगू!

एका सकाळी सगळं पुसून टाकायचं ठरवून बसले. पुसण्याआधी शेवटचं वाचलं. ‘सदर महिलेने दार उघडले व पुनश्च बंद केले.’

सदर? बापजन्मात मी कधी सदर लिहिलेलं नाही. या घरात तसं लिहिणारा माणूस एकच, आमचे हे. हेडक्लार्क म्हणून नुकतेच रिटायर होऊन घरी बसले, पण भाजीची यादीसुद्धा विषय आणि संदर्भ घालून करतात.

हाक मारली. बिचाऱ्यांनी काही लपवलं नाही. दुपारी कॉम्प्युटर लावला की वाक्य लोंबकळत दिसायचं, ते त्यांना बघवायचं नाही. तू दमतेस, विसरतेस, म्हणून पुरं करत गेलो, म्हणाले. आणि त्या बाईला उगाच घराबाहेर कशाला काढायची, म्हणून जरा सांभाळून घेतलं.

सांभाळून घेतलं म्हणे! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. इतके दिवस मी स्वतःला कुचकामी समजत होते.

“अहो, मी विसरले नव्हते,” मी म्हटलं. “ते मी माझ्यासाठी ठेवलं होतं. आजपासून माझ्या वाक्याला पूर्णविराम मीच देणार. नाही दिला तर नाही दिला.”

ते शेजारी उभे असतानाच त्यांचं एकेक वाक्य पुसलं. बाईच्या हातात बॅग दिली, तिला जिना उतरवला. ‘रस्त्यावर आल्यावर तिने मागे वळून’ एवढं लिहिलं आणि चपला घालून कामावर गेले.

संध्याकाळी आले तर वाक्य तसंच, आणि हे त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलेले. चेहरा अगदी उतरलेला.

“परत येते का गं ती?” त्यांनी विचारलं.

“मला नाही माहीत,” मी म्हटलं. आणि खरंच माहीत नव्हतं. कधी एकदा सकाळ होते असं मला झालं होतं.