शिक्षेची कुदळ

घाबरू नका, मित्रांनो, जवळ या. युगांडातल्या बुसोगा भागातल्या एका शाळेच्या कोठीत पडलेली म्हातारी कुदळ मी, आता कोणाला काय करणार? लोहारानं मला जमीन खणायला घडवलं होतं. शाळेनं माझी शिक्षाच करून टाकली. उशिरा आलास? घे कुदळ. गणित चुकलं? घे कुदळ. मला हातात घेताना मुलं रडायची. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एक नामुलोंडो तेवढी वेगळी. ती मुद्दाम उशिरा यायची!

"आली बघा कुदळीची नवरी!" पोरं चिडवायची. ती हसून मला खांद्यावर टाकायची. माझ्या दांड्यावर तिनं खिळ्यानं एक पान कोरलं होतं.

एकदा तिनं शाळेच्या वाफ्यातला कसावा खणला. वर झाड हिरवंगार, पण कंद कापला तर आत तपकिरी कूज. ती धावत शेती शिकवणाऱ्या कागोयाबाईंकडे गेली. "बाई, हे असं कसं?"

बाई हरखल्या. "हेच शिकवणारं कॉलेज आहे गं! पिकांचे रोग शोध, बियाणं पारख, माती तपास, गावोगाव सल्ला देत फिर. तुझ्यासारखीच पोर हवी तिथं."

तिला प्रवेश मिळाला. त्या दिवशी तिनं मला घासूनपुसून लख्ख केलं. एवढं कौतुक माझं कधीच झालं नव्हतं.

मग तिचे वडील, इसाबिर्ये, शाळेत आले.

"बाई, कुदळ सुटावी म्हणून हिला शाळेत घातलं. आणि तुम्ही हिला कुदळीचंच शिक्षण देताय?"

"अहो, खणायला नाही, ती शिकायला..."

"राहू द्या! लोक विचारतील, पोरगी काय शिकते? काय सांगू, खणायला?"

तिथल्या रीतीप्रमाणे वडिलांपुढे गुडघे टेकून बसलेली नामुलोंडो उठली आणि त्यांच्यामागे निघाली. तिला शहरात मामाच्या दुकानात बसवलं. इसाबिर्येंवर तरी मी कशी रागावू? लहानपणी त्यांच्याही हाती मी शिक्षा म्हणूनच आले होते.

वर्षं गेली. परवा नामुलोंडो आपल्या मुलीला शाळेत घालायला आली. कोठीचं दार उघडं होतं. मुलगी धावत आली आणि तिनं मला उचललं. नामुलोंडोचा अंगठा दांड्यावरच्या पानावर थांबला. मला वाटलं, आता सांगेल लेकीला!

"ठेव ती," ती म्हणाली. "नीट अभ्यास कर, नाहीतर हीच हातात येईल."

मित्रांनो, गंज चढला त्याचं मला काही नाही. फक्त मला कोणाच्या हातात रागानं देऊ नका.