अर्जुनाचं जांभळं अष्टर

लालासाहेब लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि कोरेगावजवळच्या आपल्या गावी कायमचा राहायला आला, तेव्हा उसापलीकडच्या दहा गुंठ्यांत त्याच्या बायकोचं, अर्जुनाचं, अष्टर फुललं होतं. गर्द जांभळं, एकेक फूल तळहात भरेल असं. पूर्वी तो रजेवर यायचा, तेव्हाही ही फुलं असायची. पण तेव्हा तो चार दिवसांचा पाहुणा होता, त्याला कौतुक वाटायचं. आता वाटेना.

हे बी दुकानातलं नव्हतं. आठ वर्षं अर्जुना दर हंगामात उत्तम झाडांना दोरा बांधून राखून ठेवायची, त्यांची फुलं जागेवरच वाळवायची आणि बी हातावर चोळून फडक्यात बांधायची. साताऱ्याच्या बाजारात चांदसाहेब व्यापारी तिच्या जुड्या दुसऱ्या मालात मिसळत नसे. लालासाहेब पहिल्यांदा माल घेऊन गेला, तेव्हा चांदसाहेब म्हणाला, "अर्जुनाताईंचे मालक का तुमी? बसा की!" त्याने चहा मागवला. लालासाहेबाने तो अर्धाच प्याला.

मग त्याने स्वतः झिनियाचं बी आणलं. दोरी धरून ओळी आखल्या, वहीत तारखा लिहिल्या. उगवलं ते इथं एक, तिथं दोन. अर्जुनाने वाकून पाहिलं.

"लय खोल टाकलंय तुमी. ह्ये बी वरवर लागतंय."

ती साधंच बोलली होती. हसली असती तर त्याला भांडता तरी आलं असतं.

पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत माजी सैनिकांचा सत्कार झाला. लालासाहेब छातीवर पदकं लावून गेला. सरपंचांनी त्याच्या हातात गुच्छ दिला आणि माईकवर सांगितलं, "ही फुलं आपल्या अर्जुनावहिनींच्या रानातली!" टाळ्या पडल्या. फोटो काढताना पोरी त्याच्या पदकांकडे बघत नव्हत्या, गुच्छाकडे बघत होत्या. घरी येऊन त्याने तो गुच्छ गोठ्याच्या भिंतीवर ठेवला आणि शेळीने तो खाल्ला तरी उठला नाही.

ऑक्टोबरात अर्जुनाने लग्नसराईसाठी बारा ट्रे पेरले. होतं नव्हतं ते सगळं बी टाकलं. रोपं दोन पानांवर आली आणि कडेगावहून निरोप आला की तिच्या आईचं ऑपरेशन आहे.

"चार दिसात येते," ती म्हणाली. "सकाळ-सांज झारीनं पाणी घाला. आन जाळी काढू नगा, ऊन लय हाय."

दोन दिवस त्याने नेमाने पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यात भामाबाई भेटली. ही शेजारीण. तिने विचारलं, "काय हवालदार, अर्जुनाच्या रोपांवर पहारा का?" तिच्या मनात काही नव्हतं. पण लालासाहेब घरी आला तो झारीला हात न लावता बसून राहिला. दुपारी वाऱ्याने जाळी एका बाजूने सुटली. ती फडफडताना त्याने ओसरीवरून पाहिली. रोपं माना टाकत होती, तेही पाहिलं. मग तो आत जाऊन आडवा झाला.

संध्याकाळी त्याने भडाभडा पाणी ओतलं. एकही रोप उठलं नाही.

"मर रोग पडला," त्याने परत आलेल्या अर्जुनाला सांगितलं.

ती ट्रेपुढे उकिडवी बसली. "माझंच चुकलं," ती म्हणाली, "शेणखत कच्चं हुतं." आणि खताचा सगळा ढीग तिने टोपल्या भरभरून उकिरड्यावर नेऊन टाकला. एकटीने. तो बघत होता. तिच्या हरण्याचा त्याला आनंद होईल असं वाटलं होतं, झाला नाही.

आठवड्याने झेंडू द्यायला तो साताऱ्याला गेला. "आमच्या अम्मीच्या डब्यांत फुललंय की ताईंनी दिलेलं अष्टर," चांदसाहेब सहज बोलला. लालासाहेब तडक त्याच्या घरी गेला. गच्चीवर तेलाच्या डब्यांत पाच-सहा झाडं होती, काही फुलं वाळूनही गेली होती. चांदसाहेबाची म्हातारी आई रहिमतबी त्याची बियाची मागणी ऐकून म्हणाली, "अर्जुनाचं बी अर्जुनाला पायजे, तर ती का आली न्हाई?"

"तिला ठावं न्हाई."

"काय ठावं न्हाई?"

लालासाहेबाने कठड्याला धरलं आणि सगळं सांगितलं. रहिमतबीने वाळकी फुलं खुडून कागदात बांधली. "आधी तिला ह्ये सांग," ती म्हणाली, "मग पुडी दे."

त्याने तसंच केलं. अर्जुना भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"आठ दिस मी शेणखताला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "आन तुमी जेवत हुता."

"तुझं नाव ऐकून मी जळायचो, अर्जुना."

"तुमी सीमेवर हुता तवा गाव मला 'हवालदाराची बायको' म्हनायचं. मी कुणाचं रोप जाळलं?"

त्याने पुडी पुढे केली. तिने ती घेतली. बी तीनच ट्रेला पुरलं आणि ते ट्रे तिने भामाबाईच्या अंगणात नेऊन ठेवले. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही, पण साऱ्या गावाने पाहिलं. लालासाहेब रोज त्या अंगणावरून मान खाली घालून रानात जायचा. दोन महिने ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

लग्नसराईचा पहिला बहर हुकला. मार्चमध्ये अडीच गुंठ्यांतच फुलं उभी राहिली, बाकी रान मोकळं. ती बघायला वाईकडचे दहा-बारा शेतकरी आले. लालासाहेब चहा घेऊन बांधावर गेला. एकाने त्यालाच विचारलं, "दादा, बी कसं राखता?"

आता बघून बघून त्याला सगळं येत होतं. दोरा बांधण्यापासून फडक्यापर्यंत सगळं सांगता आलं असतं. सांगायला त्याने तोंडही उघडलं.

"तिला इचारा," तो म्हणाला. "बी तिचं हाय."

अर्जुनाने वळून पाहिलं, आणि पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली. तो कप वाटत पुढे गेला.