सुतकातला वाटाड्या

कोमांग सुदियार्ता देवळात जाताना बांधायचा पिवळा शेला कमरेला बांधत होता आणि त्याची बायको सुकेर्ती दारात आडवी उभी होती.

"थोरल्या काकांना पुरून तीनच दिवस झालेत. आपल्या गावात बारा दिवस देवळाची पायरी चढत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायचं?"

कोमांगने ते कानाआड केलं. आजचे परदेशी पाहुणे सोडले, तर पर्यटन कंपनी हंगामातले सगळे गट दुसऱ्या वाटाड्याला देणार होती. शिवाय देऊळ बालीच्या दुसऱ्या टोकाला. "तिथे कोणाला कळणार?" तो म्हणाला.

"कळलं नाही तर विटाळ होत नाही वाटतं," एवढं बोलून सुकेर्ती बाजूला झाली.

गाडीत त्याने सहा पाहुण्यांना नेहमीचे धडे दिले. गुडघे झाका, पुजाऱ्यापेक्षा उंच जागी उभे राहू नका, पूजेला बसलेल्यांच्या समोरून जाऊ नका. एकाचं कमरेला गुंडाळलेलं सारोंग सैल होतं, त्याला चारचौघांत झापलं. नियमांच्या बाबतीत कोमांग फार कडक होता, म्हणजे दुसऱ्यांच्या!

फाटकापाशी हॉलंडच्या योहाना बाई थबकल्या. पाटीवर लिहिलं होतं, सुतक असलेल्यांनी आत येऊ नये.

"माझी बहीण गेल्या आठवड्यात वारली," त्या म्हणाल्या. "मी बाहेरच थांबते."

हा नियम आमच्या माणसांसाठी आहे, असं कोमांग घाईघाईने समजावू लागला.

"घर तुमचं आहे ना? मग रीतही तुमचीच पाळायची," म्हणत बाई चाफ्याखालच्या कट्ट्यावर बसल्या. इतक्या लांबून येऊन!

"चला दादा, पुढे व्हा," फाटकावरचा राखणदार म्हणाला. कोमांगचा पाय पायरीशीच अडला. मागे पाचजण खोळंबले. खोटं बोलायला तोंड उघडायचीही गरज नव्हती, नुसतं पाऊल टाकायचं होतं.

"मला सुतक आहे," तो म्हणाला. "चुकलो. यांना तुमच्यातलं कोणीतरी दाखवा."

राखणदाराने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "आत आला असतात, तर देऊळ शुद्ध करेपर्यंत अख्ख्या गावाचा उत्सव थांबला असता." मग तोच पाहुण्यांना घेऊन आत गेला.

कंपनीला हे कळणारच होतं. कोमांग कट्ट्याशी आला, तशी बाईंनी काही न विचारता सरकून जागा केली.

"माझे काका गेले," तो म्हणाला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याला त्यांच्यासाठी रडू आलं.

मंडळी, पाहुण्यांनी देवळात कसं वागावं हे सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पण देवाच्या दारात आपणही पाहुणेच असतो. पाटी दुसऱ्याला दाखवण्याआधी ती आपण वाचावी.